त्रयस्थ, तटस्थ आणि वाकबगार

नागपूरच्या उच्च न्यायालयात ‘पेटंट’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारला जातो आहे, आणि बहुतेक वेळा त्याचा कुठल्याही शोधाशी काडीचा संबंध नसतो. सिव्हिल लाइन्समधल्या त्या देखण्या दगडी इमारतीत वकील मंडळी ज्याला ‘एलपीए’ म्हणतात ते ‘लेटर्स पेटंट अपील’. एका न्यायमूर्तींचा निकाल मान्य नसला की काही प्रकरणांत त्याच न्यायालयातील दोन न्यायमूर्तींपुढे दाद मागता येते, त्या अपिलाचे हे नाव. वाद एखाद्या शिक्षकाच्या बडतर्फीचा असला तरी नाव पेटंटचेच.

या नावात न्यायालयाची जन्मकथा आहे. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली व्हिक्टोरिया राणीच्या ‘लेटर्स पेटंट’ने स्थापन झाले. नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय २ जानेवारी १९३६ च्या अशाच पत्राने निर्माण झाले आणि सर गिल्बर्ट स्टोन त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. वास्तुरचनाकार मेड यांनी आखलेली आजची इमारत ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुली केली. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे उच्च न्यायालय संपले आणि तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ बसू लागले. राजा गेला, राज्य गेले, प्रांत गेला. राजाच्या पत्राचे नाव मात्र अपिलाच्या मथळ्यावर राहिले.

लॅटिनमध्ये ‘पातेरे’ म्हणजे उघडे असणे. राजाची पत्रे दोन प्रकारची असत. एक बंद पत्र, मोहोर फोडल्याशिवाय वाचता येणार नाही असे, ज्याच्या नावाने असेल त्याच्यापुरतेच. दुसरे उघडे पत्र. त्याची मोहोर खाली लोंबत असे आणि मजकूर कुणालाही वाचता येई, कारण ते साऱ्या प्रजेला उद्देशून असे. अमक्याला ही जहागीर दिली, तमक्याला हे पद दिले, या कारागिराला ही वस्तू बनवण्याचा एकट्याला अधिकार दिला, सर्वांनी नोंद घ्यावी. शोधाचा हक्क हा या उघड्या पत्रांचा एक लहानसा पोटप्रकार होता. पोटप्रकाराने पुढे सगळे नावच बळकावले.

आपल्याकडे अशा पत्राला सनद म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ टेकायचा आधार. मराठीने तो शब्द अजून जिवंत ठेवला आहे. वकिलाला सनद मिळते, अधिकारी सनदी असतो, हिशेब तपासणारा सनदी लेखापाल असतो. तेव्हा ‘लेटर्स पेटंट’ म्हणजे राजाची सनद, इतके सरळ भाषांतर होते. ते केले की एक गोष्ट नजरेत भरते. ज्या जातीच्या कागदाने शोधकाला हक्क मिळाला त्याच जातीच्या कागदाने न्यायालयही जन्माला आले. मग एका सनदेने बसलेल्या न्यायाधीशाने दुसरी सनद खोटी ठरवायची कशी?

हा प्रश्न इंग्लंडात १६०२ च्या सुमारास खरोखरच उभा राहिला, आणि तोही खेळायच्या पत्त्यांवरून. एलिझाबेथ राणीचा दरबारी एडवर्ड डार्सी याच्याकडे पत्ते आणण्या-विकण्याचा एकाधिकार देणारे उघडे पत्र होते. लंडनच्या ॲलन नावाच्या व्यापाऱ्याने ते न जुमानता पत्ते विकले. राणीच्याच नावाने चालणाऱ्या न्यायपीठाने राणीचे पत्र निरर्थक ठरवले. डार्सीची बाजू सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी मांडली होती. ते हरले, आणि पुढे या निकालाचा जो वृत्तांत जगाने वाचला तो त्यांनीच लिहिलेला आहे. स्वतःच्या पराभवाची अशी नोंद ठेवणारा वकील मला मोठा वाटतो. १६२४ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून असले एकाधिकार मोडीत काढले आणि नव्या शोधांना मात्र ठरावीक वर्षांपुरती सूट दिली. आज भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे असते, त्या मुदतीच्या कल्पनेचे मूळ इथे आहे.

मराठीत पेटंटसाठी शासकीय शब्द आहे ‘एकस्व’. लोकांनी तो उचलला नाही. बोलण्यात ‘पेटंट’च राहिले आणि त्याने स्वतःचा वेगळा संसारही थाटला. ‘हे तर आमच्या सरांचे पेटंट वाक्य’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात ना शोध असतो ना हक्क, फक्त ओळखीची सवय असते. तरीही ‘एकस्व’ हा शब्द घडवणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण त्याने ‘स्व’चा जुना अर्थ नेमका पकडला. संस्कृतात ‘स्व’ म्हणजे आपण स्वतः, आणि ‘स्व’ म्हणजेच मालमत्ता. सर्वस्व म्हणजे सगळी मालमत्ता, राजस्व म्हणजे राजाचे उत्पन्न, स्वामी म्हणजे ज्याच्यापाशी ‘स्व’ आहे तो. बंगालचे नैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी तर ‘स्वत्व’ हा स्वतंत्र पदार्थच मानला. वस्तूत डोळ्यांना न दिसणारी आणि तरीही दुसऱ्याला अडवणारी अशी ही मालकी जुन्या कुठल्या खान्यात बसेना म्हणून त्यांनी तिला नवा खाना दिला. मराठीत आल्यावर त्याच स्वत्वाचा अर्थ स्वाभिमान, ओळख असा झाला. मालकी आणि अस्मिता एकमेकींच्या इतक्या जवळ राहतात.

म्हणून पेटंटचा खटला नुसता पैशाचा नसतो. वादी म्हणतो, हे माझ्या डोक्यातून आले. प्रतिवादी म्हणतो, हे तर सगळ्यांना ठाऊक होते. दोघांचेही स्वत्व पणाला लागलेले असते, दोन्ही अर्थांनी. आणि तिथे बसलेल्या तिसऱ्याने आपला ‘स्व’ दाराबाहेर ठेवून यायचे असते. या तिसऱ्याला मराठीत काय म्हणावे? शब्द पुष्कळ आहेत, पण सगळे सारखे नाहीत.

पहिला आठवतो तो निःपक्षपाती. याच्या पोटात ‘पक्ष’ आहे. पक्ष म्हणजे पंख, पक्ष म्हणजे महिन्याची एक बाजू, पक्ष म्हणजे वादातली एक बाजू, म्हणून कोर्टात येणारा तो पक्षकार. पक्षपात म्हणजे एका बाजूला कलणे. संस्कृत कवींना त्यात दोष वाटत नसे. गुणांचा पक्षपाती असणे ही तर रसिकाची स्तुती होती. मराठीने शब्दाची वाईट बाजू तेवढी ठेवली. पण तर्कशास्त्रात पक्षाचा आणखी एक अर्थ आहे, आणि न्यायाधीशाला तोच अधिक उपयोगाचा आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे विस्तव असावा, या अनुमानात ‘पक्ष’ म्हणजे तो डोंगर, ज्याच्याविषयी अजून संशय आहे ते ठिकाण. वादी-प्रतिवादींकडे पाहण्याऐवजी संशयाच्या जागेकडे पाहायचे, हे त्या पारिभाषिक शब्दात आयतेच सांगितलेले आहे.

दुसरा शब्द तटस्थ. तटावर, म्हणजे काठावर उभा असलेला. वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्द. मला तो न्यायाधीशासाठी पटत नाही. काठावरचा माणूस पाण्यात उतरत नाही, आणि न्यायाधीशाला उतरावेच लागते. शिवाय मराठीत या शब्दाला दुसरी छटा आहे. पोथ्यांमध्ये चमत्कार पाहून लोक ‘तटस्थ’ होतात, म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी खिळतात. पेटंटच्या खटल्यात रसायनशास्त्राचे कागद, आकृत्या, तज्ज्ञांची परस्परविरोधी शपथपत्रे समोर आल्यावर असे थक्क होऊन बसणे हा मोठाच धोका आहे. कायद्याने त्यावर उपायही ठेवला आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या ११५व्या कलमाखाली न्यायालय स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमू शकते.

मध्यस्थाचे तसे नाही. तो दोघांच्या मधोमध उभा असतो आणि दोघांनाही थोडे थोडे मागे सारतो. पण पेटंट वैध की अवैध, याला मधला बिंदू नाही. शोध निम्मा नवा असू शकत नाही. मध्यस्थाला आज आपण मध्यस्थीच्या खोलीत वेगळे काम दिले आहे, तेच बरे.

उदासीन हा शब्द भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मध्यस्थाच्या शेजारीच आला आहे. उद् आणि आसीन, बाजूला किंवा उंचावर बसलेला. तुकोबांनीही धन कसे खर्चावे हे सांगताना ‘उदास’ हा शब्द ‘आसक्ती न ठेवता’ याच अर्थाने योजला आहे. आज उदास म्हणजे खिन्न. आसक्ती नसणे आणि आनंद नसणे यांची भाषेने गल्लत करून टाकली, याचे वाईट वाटते. अलिप्त राहूनही माणूस कामात रस घेऊ शकतो, हे सांगणारा एक चांगला शब्द आपण त्यात गमावला.

राहिला त्रयस्थ. तिघांतला, दोघांव्यतिरिक्तचा तिसरा. याचा घरगुती भाऊ तिऱ्हाईत. तोही तीनाशीच नाते सांगणारा. पूर्वी तिऱ्हाईत म्हणजे दोघांचाही नसलेला, म्हणून भांडण तोडायला योग्य असा माणूस. आता तो नुसता परका, अनोळखी झाला आहे. त्रयस्थाने मात्र आपली प्रतिष्ठा टिकवली. मला हा शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात मोजणी आहे. दोन बाजू आहेत हे मान्य करूनच तिसरी जागा तयार होते. तटस्थ माणूस काठावरून निघून जाऊ शकतो. त्रयस्थ निघून गेला तर खटलाच उरत नाही.

मात्र कधी कधी त्रयस्थाला उठून जावेच लागते. लंडनमध्ये १८५२ साली डाइम्स नावाच्या गृहस्थाने कालवा कंपनीविरुद्ध चालवलेल्या खटल्यात असे उघड झाले की, कंपनीच्या बाजूने निकाल देणाऱ्या लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांच्याकडे त्याच कंपनीचे भाग होते. त्या भागांचा त्यांच्या मनावर परिणाम झाला असे कुणीही म्हणत नव्हते. तरीही हुकूम रद्द झाला. मनात काय होते ते तपासायला कुणी जाऊ शकत नाही म्हणून जागा तपासायची, हा त्यामागचा विचार.

पेटंटच्या क्षेत्रात आपल्याकडचे ठळक उदाहरण नोव्हार्टिसचे. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या पेटंटवरून ती लढाई झाली. आधी बौद्धिक संपदेच्या अपील मंडळापुढे प्रकरण गेले तेव्हा मंडळाचे तांत्रिक सदस्य हे पेटंट कार्यालयाचे माजी महानियंत्रक होते. ज्या कार्यालयाच्या नकाराविरुद्ध अपील, ते कार्यालय त्या काळी त्यांच्याच हाताखाली होते. नोव्हार्टिसने हरकत घेतली. पुढे सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०११ मध्ये उलट दिशेने तोच प्रश्न आला. न्यायमूर्ती दलवीर भंडारी हे मुंबई उच्च न्यायालयाचे, म्हणजे नागपूर पीठ ज्याचा भाग आहे त्या न्यायालयाचे, माजी मुख्य न्यायमूर्ती. बौद्धिक संपदेच्या मालकांच्या अमेरिकेतील संघटनेने न्यायाधीशांसाठी भरवलेल्या परिषदांना ते गेले होते, याकडे रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटांनी लक्ष वेधले. भंडारी सुनावणीतून बाजूला झाले. शेवटी न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. एकाच खटल्यात आधी कंपनीला आणि नंतर रुग्णांच्या बाजूला त्रयस्थ तिसरा वाटेना. शंका घेण्याचा अधिकार दोघांनाही होता, आणि दोघांचीही शंका ऐकली गेली. यात न्यायव्यवस्थेची नामुष्की झाली असे मला वाटत नाही.

नागपूरच्या वकिलीत वाढलेले एक उदाहरण पेटंटचे नाही, पण इथे ते सांगितलेच पाहिजे. न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे. त्यांनी नागपूर पीठापुढे वर्षानुवर्षे वकिली केली आणि पुढे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. राहुल गांधी यांच्या बदनामी खटल्यातील याचिका २१ जुलै २०२३ रोजी त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की, आपल्या वडिलांचा काँग्रेसशी चाळीसहून अधिक वर्षे निकटचा संबंध होता आणि भाऊ अजून राजकारणात आहेत, तेव्हा आपण हे प्रकरण ऐकावे की नाही ते दोन्ही बाजूंनी सांगावे. दोन्ही बाजूंनी हरकत नसल्याचे सांगितले. मग सुनावणी झाली.

या कृतीला मराठीत अगदी नेमका जुना शब्द आहे, आणि तो ऐकून आज कुणीही चमकेल. राजीनामा! मराठेशाहीतल्या निवाड्यांच्या कागदांत दोन्ही वाद्यांकडून आधी राजीनामा घेतला जाई. या सभेपुढे आम्ही उभे राहतो, ती जे ठरवील ते आम्हास मान्य, असे राजीखुशीने लिहून दिलेले पत्र म्हणजे राजीनामा. राजी असल्याचा नामा, इतका साधा अर्थ. पुढे नोकरी सोडताना लिहायच्या कागदाला ते नाव चिकटले आणि मूळ अर्थ मागे पडला. न्याय देणाऱ्याने स्वतःविषयीची माहिती उघड करायची आणि पक्षकारांनी राजीनामा द्यायचा, हा व्यवहार आपल्या मातीत जुनाच आहे. आज त्यासाठी इंग्रजी परिभाषेकडे धावावे लागते, ती केवळ आपली विसरभोळी सवय.

इथपर्यंतचे सगळे शब्द जागेचे आहेत. काठ, मध्य, तिसरी जागा, उंच आसन. न्यायाधीश कुठे उभा आहे, एवढेच ते सांगतात. पेटंटचा खटला याहून अवघड मागणी करतो. तिथे न्यायाधीशाला काळापासूनही अलग व्हावे लागते.

शोध नवा होता का, सहज सुचण्यासारखा होता का, हे आजच्या दिवशी उभे राहून ठरवायचे नसते. अर्जाच्या वेळच्या ज्ञानात उभे राहून ठरवायचे असते. मधली वर्षे न्यायाधीशाने मनातून पुसायची. आणि हे फार कठीण आहे, कारण एकदा पाहिलेली युक्ती कायम सोपीच वाटते. आपल्याकडे पूर्वग्रह हा शब्द सर्वांना माहीत आहे. ग्रह म्हणजे पकड. आधीच बसलेली पकड तो पूर्वग्रह. पण पेटंटच्या न्यायाधीशाला खरी भीती असते ती पश्चातबुद्धीची, मागाहून आलेल्या शहाणपणाची. जुन्या निवाड्यांत वादीला अग्रवादी आणि प्रतिवादीला पश्चिमवादी म्हणत. पश्चिम म्हणजे मागाहूनचा. एका अर्थी या खटल्यात न्यायाधीशाला स्वतःतल्याच एका पश्चिमवाद्याला गप्प बसवायचे असते. न्यायाधीश म्हटले की मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवतात, १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे. तो बाणा सत्तेपुढचा होता. पेटंटच्या खटल्यात समोर राघोबादादा नसतात. समोर आपलीच आजची जाण असते, आणि तिला नकार देण्यासाठी लागणारी शिस्त निराळ्या जातीची आहे.

मग त्या जुन्या दिवसात उभे राहायचे ते कुणाच्या डोळ्यांनी? कायद्याने त्यासाठी एक काल्पनिक माणूस उभा केला आहे. त्या त्या धंद्यातला कुशल माणूस. तो प्रतिभावंत नाही आणि अडाणीही नाही. आपल्या कामातले सर्व काही त्याला ठाऊक आहे, पण नवे शोधून काढण्याची झेप त्याच्यापाशी नाही. त्याला ही युक्ती सहज सुचली असती, तर ते पेटंट टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या माणसाला आपल्याकडे पक्की जागा दिली ती भांड्यांच्या खटल्यात. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ साली लेथवर भांडी कातताना ती घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट घेतले होते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीने ते वापरले म्हणून दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, दोन न्यायमूर्तींनी ते पुन्हा उभे केले आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अखेर रद्द ठरवले. भांडे दाबून धरणारा टोकदार आधार लेथच्या कामात आधीपासून माहीत होता. त्याचा इथे केलेला वापर म्हणजे कारखान्यातली नेहमीची सुधारणा, शोध नव्हे, असे न्यायालयाला दिसले. नागपूरहून पूर्वेला पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला भंडारा आहे. तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराला ते यंत्र दाखवले असते तर तो काय म्हणाला असता, हाच त्या खटल्यातला खरा प्रश्न होता.

या काल्पनिक माणसाला मराठीत काय म्हणायचे, याचा विचार करताना मला एक शब्द सापडला आणि मी अक्षरशः हरखलो. वाकबगार. ‘तो त्या कामात मोठा वाकबगार आहे’ असे आपण सहज म्हणतो. उर्दूतला वाकिफकार तो हाच. वाकिफ म्हणजे जाणणारा, माहितगार. पण त्या अरबी धातूचा मूळ अर्थ आहे थांबणे, उभे राहणे. वक्फ हा शब्दही त्याच धातूचा, थांबवून ठेवलेली मालमत्ता. एखाद्या गोष्टीपाशी थांबला, तिच्यावर उभा राहिला, तो तिला जाणू लागला, अशी अर्थाची वाट आहे. तटस्थ, मध्यस्थ, त्रयस्थ यांच्यातल्या ‘स्थ’चा अर्थही उभा असणाराच. दोन वेगवेगळ्या भाषाकुळांनी उभे राहण्यातून दोन गुण काढले. संस्कृताने उभे राहण्यातून अलिप्तता काढली, अरबीने ज्ञान काढले. पेटंटच्या न्यायाधीशाला दोन्ही हवेत. पक्षकारांच्या बाबतीत तो त्रयस्थ, आणि कामाच्या बाबतीत वाकबगार.

याची विदर्भाला जवळची असलेली परीक्षा म्हणजे बीटी कापसाचे पेटंट. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. यवतमाळ-वर्ध्याच्या रानांत कापसाने काय केले ते इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. मोन्सँटो कंपनीच्या या पेटंटचा वाद दिल्लीत चालला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एप्रिल २०१८ मध्ये ते पेटंट रद्द केले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला. इतका गुंतागुंतीचा तांत्रिक प्रश्न पुरावा आणि तज्ज्ञांची साक्ष न घेता सुटणार नाही, म्हणून खटला रीतसर चालवावा, असे सांगून प्रकरण परत पाठवले. पुढे पक्षकारांनी आपसात मिटवले. विदर्भातल्या शेतकऱ्याबद्दल कळवळा असलेल्या माझ्यासारख्याला २०१८ चा निकाल मनातून आवडला होता. तरी २०१९ चा आदेश योग्य होता, असेच मी म्हणेन. बियाण्याची किंमत, कर्ज आणि आत्महत्या यांचे उत्तर सरकारने आणि विधिमंडळाने द्यायचे आहे. त्या पेटंटमधला जनुकाचा क्रम कायद्यात बसणारा शोध आहे की नाही, याचे उत्तर त्या दुःखाच्या आधाराने काढले तर उद्या तोच मार्ग उलट्या बाजूलाही खुला होतो. कळवळा असणे वाईट नाही. तो पुराव्याची जागा घेऊ लागला की वाईट.

आणि या कामाला मराठीत स्वतःचा सुंदर शब्द आहे, निवाडा. निकाल, निर्णय, फैसला हे सारे एकीकडे आणि निवाडा एकीकडे, कारण तो निवडण्यातून आला. तांदूळ निवडताना बाई तांदळाचा वाण कुणाच्या शेतातला हे पाहत नाही, खडा दिसला की बाजूला करते. विवेक या भारदस्त शब्दाचे मूळही तिथलेच. ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे. यजुर्वेदात सुपाने धान्य पाखडताना म्हणायच्या मंत्रात वाऱ्याला विनवताना हेच क्रियापद आले आहे. दोन्ही शब्दांत माणसांना वेगळे करणे नाही, धान्यापासून खडे आणि कोंडा वेगळा करणे आहे. पेटंटच्या दाव्यात नेमके हेच करायचे असते. दाव्यातला एक एक कलमवार मुद्दा घ्यायचा, आधीपासून माहीत असलेले बाजूला काढायचे, आणि नवे काही उरते का ते पाहायचे.

हे सगळे शब्द केवळ हौसेखातर जमवलेले नाहीत. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली आहे. पेटंट कायद्याच्या १०४व्या कलमानुसार पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. प्रतिवादीने पेटंटच रद्द करण्याची उलट मागणी केली तर तो उच्च न्यायालयाकडे जातो. म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयात एखाद्या शोधकाचा दावा उद्या मराठीत उभा राहू शकतो. पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही याच शहरात, याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तेव्हा त्या काल्पनिक कुशल माणसाला ‘संबंधित कलेत निपुण असलेली व्यक्ती’ असे लांबलचक, कुणाच्याच तोंडी नसलेले नाव देऊ नका. नागपूरच्या वकिलांना, अनुवादकांना आणि न्यायव्यवहाराचे कोश करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्याला वाकबगार म्हणा, न्यायाधीशाला त्रयस्थ म्हणा, आणि पक्षकारांच्या संमतीला तिचे जुने नाव, राजीनामा, निदान कोशातल्या एका ओळीत तरी परत द्या.